पहिल्या पावसात घामोळं का पळतं?

मे महिना संपत आला की जळगाव-धुळ्याकडच्या घराघरांत एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं. पोरं पाठ खाजवून रडकुंडीला आलेली असतात आणि आजी म्हणते, "खाजवू नको रे बापू! आता पहिला पाऊस येईल, त्यात भीज. घामोळं पळून जाईल." आणि दोस्तांनो, बहुतेक वेळा ते खरंच जातं. पाऊस येतो, पोरं अंगणात नाचतात, आणि आठ-दहा दिवसांत पाठ पुन्हा गुळगुळीत होते.

मग त्या पाण्यात असतं तरी काय? ढगातून औषध पडतं की काय? याचा छडा लावायचा तर आधी घामाकडे जायला हवं, कारण सगळी भानगड तिथून सुरू होते.

आपल्या शरीराच्या आतलं तापमान साधारण 37 अंश सेल्सिअस असतं. भुसावळ, जळगाव भागात मे महिन्याच्या दुपारी पारा कधी कधी 45 अंशांच्याही पुढे जातो. म्हणजे बाहेरची हवा आपल्यापेक्षा जास्त गरम! एरवी वारा लागला की अंगातली उष्णता बाहेर जाते. इथे उलटंच होतं. झळ लागली की बाहेरची उष्णता अंगात शिरते. अशा वेळी शरीराकडे गार होण्याचा एकच रस्ता उरतो, आणि तो म्हणजे घाम.

तुमच्या त्वचेत घामाच्या वीस ते चाळीस लाख बारीक ग्रंथी आहेत. प्रत्येकीतून एक वेटोळी नळी निघते आणि त्वचेवर उघडते. घाम वर येतो आणि वाळतो. त्या वाळण्यातच सगळी कमाल आहे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि घाम ती तुमच्या अंगातून घेतो. एक ग्रॅम घाम वाळला की जवळपास 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. एवढ्या उष्णतेत 58 ग्रॅम पाणी 10 अंशांनी तापलं असतं. नुसता निथळून जमिनीवर पडलेला घाम मात्र काही कामाचा नाही. गार करतो तो वाळलेला घाम.

तुमच्या घरातला माठ अगदी हेच करतो. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं आणि आतलं पाणी गार होतं. पूर्वी ट्रकना आणि जीपगाड्यांना कॅनव्हासची छागल टांगलेली असायची. तिच्यातलं पाणी भर उन्हात, लू लागत असताना गार व्हायचं, तेही याच युक्तीने. आता समजा, कुणी हौसेने माठाला बाहेरून तेलरंग फासला. छिद्रं बंद झाली, पाणी झिरपणं थांबलं, माठ कामातून गेला! हा रंगवलेला माठ डोक्यात ठेवा. घामोळं म्हणजे त्वचेवर जागोजागी नेमकं हेच झालेलं असतं.

कसं ते बघू. त्वचेचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो बराच वेळ ओला राहिला की फुगतो. तासभर पोहून आल्यावर बोटांचा वरचा थर कसा मऊ, पांढुरका होतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. पाठीवर घामाने हेच झालं की घामाच्या नळ्यांची तोंडं आवळली जातात. शिवाय आपल्या त्वचेवर कायम राहणारे काही जीवाणू असतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हे त्यांतल्या एकाचं लांबलचक नाव. एरवी हा बिचारा कुणाला त्रास देत नाही, पण ओल मिळाली की भराभर वाढतो आणि एक चिकट पदार्थ तयार करतो. त्या चिकट पदार्थाने नळीचं तोंड बुजायला मदत होते.

खालच्या ग्रंथीला मात्र याचा पत्ता नसतो. ती घाम पाठवतच राहते. नळी तुंबते, मध्येच फुटते आणि घाम त्वचेच्या आत झिरपतो. तिथे सूज येते, लाल पुरळ उठतं, टोचल्यासारखं होतं. म्हणूनच घामोळं आलेलं असताना तुम्ही धावलात की सुया टोचल्यासारखं वाटतं. नवा घाम आला, रस्ता मिळाला नाही, पुन्हा आत फुटला! तान्ह्या बाळांना घामोळं लवकर येतं, कारण त्यांच्या या नळ्या अजून पुरत्या तयार झालेल्या नसतात.

इथे तुमच्यातल्या एखाद्या चौकस मुलीने हात वर केला असेल. "पण आपल्याकडची हवा तर कोरडी असते. घाम आला की लगेच वाळतो. मग घामोळं कसं?"

छान प्रश्न! म्हणूनच उघड्या हातापायांवर घामोळं फारसं दिसत नाही. ते दिसतं कपड्याखाली: मानेभोवती, पाठीवर, चड्डीच्या इलॅस्टिकखाली, दप्तर घासतं तिथे. कापडाखालच्या हवेला बाहेर जायला वाट नसते, तिथे दमटपणा साठतो. आणि दुसरं एक कारण खास आपल्या भागातलं आहे. ते म्हणजे कूलर.

कूलर म्हणजे वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवर पाणी सोडून त्यातून हवा ओढणारं यंत्र. तोही पाणी वाळवूनच हवा गार करतो. खानदेशच्या कोरड्या हवेत तो झकास चालतो. मुंबईच्या दमट हवेत त्याचा काही उपयोग नाही, कारण तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. पण आपण काय करतो? गार हवा बाहेर जाईल म्हणून दारंखिडक्या गच्च बंद करतो! अर्ध्या-पाऊण तासात खोलीतली हवा ओलीगच्च होते. मग कूलरमधलं पाणी वाळत नाही आणि आपला घामही वाळत नाही. अंग चिकचिकतं. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवा. ओली हवा बाहेर जाऊ द्या. घामोळ्यावरचा हा माझा सगळ्यात आवडता उपाय आहे, कारण त्यात अंगाला काहीच लावावं लागत नाही.

आणि आता पहिल्या पावसाकडे येऊ. मेच्या अखेरीपासून हवेत बाष्प वाढू लागतं, ऊन मात्र तसंच तापलेलं असतं. रोहिणी नक्षत्रातले ते उकाड्याचे दिवस घामोळ्यासाठी सगळ्यात वाईट. मग पाऊस येतो, आणि पाठोपाठ पारा धाडकन उतरतो. जुलैपर्यंत दुपारचं तापमान 33 अंशांच्या आसपास आलेलं असतं. घाम कमी होतो, तुंबलेल्या नळ्यांवरचा दाब थांबतो. दरम्यान त्वचेचा वरचा मेलेला थर झडत राहतो. साधारण दोन आठवड्यांत तो सगळा नवा होतो आणि बुजलेली तोंडंही मोकळी होतात. भिजताना मिळणारा गारवा खाज लगेच थांबवतो, तो बोनस! म्हणजे आजीचं निरीक्षण अचूक आहे. घामोळं पळवतो तो पावसाने आणलेला गारवा. पाणी साधंच असतं.

एक सांगून ठेवतो. वळवाच्या पावसाबरोबर विजा असतात. घामोळ्यासाठी म्हणून गच्चीवर किंवा शेतात झाडाखाली उभं राहू नका. ढग गडगडले की घरात.

हे कळलं की घरी काय करायचं ते आपोआप कळतं. पावसाची वाट न बघता आपणच गारवा आणायचा. दिवसातून दोनदा साध्या गार पाण्याने अंघोळ करा, साबण कमी वापरा, आणि अंग टॉवेलने खसाखसा न घासता नुसतं टिपा. सुती, सैल, फिकट कपडे घाला. भिजलेला बनियन लगेच बदला. जास्त खाज येत असेल तिथे गार पाण्यात पिळलेला सुती रुमाल दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि मग ती जागा पंख्याखाली वाळू द्या. बर्फ लावायचा असेल तर कापडात गुंडाळून, थोडाच वेळ. तान्ह्या भावंडाला दुपट्यात गच्च गुंडाळू नका. एक पातळ झबलं पुरे.

मेडिकलमध्ये गुलाबी रंगाचं कॅलामाइन लोशन मिळतं. त्यात मुख्यतः झिंक ऑक्साइड असतं, आणि तो गुलाबी रंग थोड्याशा आयर्न ऑक्साइडचा. लोशनमधलं पाणी वाळताना त्वचा गार होते आणि मागे कोरडी भुकटी उरते. मुलतानी मातीचा लेपही तसाच काम करतो. ओला असेपर्यंत तो गारवा देतो. सुकून तडकायच्या आत मात्र धुऊन टाका, नाहीतर त्वचा ताणली जाऊन खाज वाढेल. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ घालायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. कडुनिंब जीवाणूंना रोखतो हे खरं, पण अंघोळीनंतर लगेच जो आराम पडतो त्याचं श्रेय माझ्या मते पाण्याला जास्त आहे. म्हणून ते पाणी पुरतं निवू द्या. कढत कढत ओतलंत तर घाम फुटेल, आणि घाम फुटला की पुन्हा टोचणार.

आणि तो रंगवलेला माठ आठवा! घामोळ्यावर खोबरेल तेल, दाट क्रीम, व्हॅसलीन चोपडणं म्हणजे नळ्यांच्या तोंडावर आणखी एक झाकण बसवणं. पावडरचा थरही घामाबरोबर चिखल होऊन बसतो, आणि बाळाच्या अंगावर पावडर उडवली तर ती त्याच्या फुप्फुसात जाते. ती नकोच. टूथपेस्ट, लिंबाचा रस, चुना असले प्रयोगही करू नका. सोललेल्या त्वचेवर त्यांनी भयंकर आग होते.

माठाची गोष्ट खरी आहे का, ते घरी करून बघा. दोन सारख्या बाटल्या पाण्याने भरा. दोन्हींना ओलं सुती फडकं गुंडाळा. एका फडक्यावरून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा, दुसरं उघडं ठेवा. दोन्ही बाटल्या सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी तासभर ठेवा, मग दोन्हींतलं पाणी पिऊन बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे हा प्रयोग फार छान जमतो.

अंगावर उठणारं प्रत्येक पुरळ घामोळंच असतं असं मात्र नाही. आंब्याच्या दिवसांत काही मुलांच्या ओठांभोवती लाल, खाजरे चट्टे येतात. आई म्हणते, "आंबा बाधला." बाधतो तो देठाजवळचा चीक. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं, आणि तिघांच्याही चिकात त्वचेला डिवचणारी तेलकट रसायनं असतात. बिब्ब्याचं तेल त्यांत सगळ्यात जहाल. त्याच बिब्ब्याच्या बीमधली गोडंबी आपण हिवाळ्यात डिंकाच्या लाडवात घालून खातो, ही वेगळीच गंमत! पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचा रस वापरत, कारण तो डाग धुऊन जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर खाजरे चट्टे उठायला लागले. डॉक्टर चक्रावले. शेवटी कॉलरवरची धोब्याची खूण सापडली, आणि 1943 मध्ये त्यावर शोधनिबंध छापून आला. असं पुरळ एक-दोन दिवस उशिरा उठतं, म्हणून चोर पकडणं अवघड जातं. आंब्यापुरता उपाय सोपा आहे. आंबे पाण्यात भिजत घाला, देठ कापून चीक पिळून टाका, मगच तोंडाला लावा.

रस्त्याकडेला पांढऱ्या बारीक फुलांचं गाजरगवत दिसतं ना? ते मूळचं अमेरिका खंडातलं, आपल्या देशात पुण्याजवळ 1950 च्या दशकात पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं आणि पुढे बांधाबांधावर पसरलं. त्यातलं पार्थेनिन नावाचं रसायन ते उपटणाऱ्या शेतकऱ्यांच्या हातावर, मानेवर, पापण्यांवर असंच खाजरं पुरळ आणतं. उपटायला जाल तर हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

काही वेळा घरगुती उपाय बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडेच जायचं. पुरळात पू झाला, ताप आला, आठवड्याभरात काहीच फरक पडला नाही, तर जायचं. रात्री बोटांच्या बेचक्यांत खाज येते आणि घरातल्या सगळ्यांनाच येते, तर ती बहुधा खरूज. ती एका सूक्ष्म किड्यामुळे होते, आणि त्यावर सगळ्या घराने एकदम औषध लावावं लागतं. कडेने उठलेला गोल चट्टा असेल तर तो नायटा असू शकतो. मेडिकलमधून आपल्या मनाने मलम आणून लावायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. त्यांतल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, आणि आत नायटा मजेत पसरतो. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तो उगाच नव्हे. आणि अंगावर गांधी उठून ओठ सुजले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठायचा.

एवढं सगळं वाचताना तुम्ही कुठेतरी खाजवलंत का? खरं सांगा! खाजेबद्दल नुसतं वाचलं किंवा कुणाला खाजवताना पाहिलं, तरी अनेकांना खाज सुटते. शास्त्रज्ञांनी हे माणसांत तपासलंय आणि माकडांतही पाहिलंय.

खाज ही चीजच मुळात अजब आहे. खूप वर्षं सगळ्यांना वाटायचं की खाज म्हणजे हलकंसं दुखणं, दुसरं काही नाही. 1997 मध्ये जर्मनीतल्या एर्लांगन इथे मार्टिन श्मेल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या पायातल्या एकेका चेतातंतूचे संदेश टिपले, आणि त्यांना खाजेचा संदेश नेणारे खास तंतू सापडले. हे तंतू इतके बारीक आहेत की त्यांतून संदेश सेकंदाला एक मीटर किंवा त्याहूनही हळू जातो. घोट्याला खाज सुटली तर ती तुमच्या मेंदूला कळायला सेकंदभर तरी लागतो. स्पर्शाचा संदेश याच्या पन्नासपट तरी वेगाने पळतो.

या तंतूंना जागं करणारं एक रसायन म्हणजे हिस्टामिन. ते तुमच्या त्वचेतल्या काही पेशींत साठवलेलं असतं. डास चावला, गांधी उठली की ते बाहेर पडतं. पण खाजेचं दुसरंही एक दार आहे, आणि ते उघडलं आपल्या जंगलातल्या एका वेलीने. यावल, चोपडा, शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना खाजकुइली माहीत असेलच. वाकड्या, मखमली शेंगांची वेल. त्या शेंगांवरची सोनेरी-तपकिरी लव अंगाला लागली की माणूस उड्या मारायला लागतो. 1955 मध्ये वॉल्टर शेली आणि रॉबर्ट आर्थर या संशोधकांनी त्या लवेतलं खाज आणणारं प्रथिन शोधलं. त्याला त्यांनी नाव दिलं म्युक्युनेन. ही खाज हिस्टामिनच्या वाटेने येत नाही. म्हणून नेहमीची खाजेची गोळी तिच्यावर फारशी चालत नाही. आज जगभरच्या प्रयोगशाळांत खाजेचा अभ्यास करायचा असेल तर खाजकुइलीची लव चिमट्याने मोजून त्वचेवर ठेवतात! तुमच्या अंगाला ती लागली तर चोळू नका, केस आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग भरपूर पाण्याने धुवा.

आता खाजवण्याकडे येऊ. नखाने ओरखडलं की थोडं दुखतं, आणि दुखण्याचा संदेश पाठीच्या कण्यात खाजेच्या संदेशाला दाबतो. म्हणून क्षणभर इतकं बरं वाटतं. पण ते दुखणं शमवायला शरीर सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतं, आणि 2014 मध्ये उंदरांवरच्या संशोधनात दिसलं की तेच सेरोटोनिन कण्यातल्या खाजेच्या पेशींना आणखी चेतवतं. खाजवलं की खाज वाढते ती अशी. वर नखांनी त्वचा सोलली जाते, जंतू शिरतात, घामोळ्याचे फोड होतात. म्हणून उन्हाळ्यात नखं बारीक कापलेली हवीत.

गारवा मात्र खाज न वाढवता थांबवतो. त्वचेतल्या चेतातंतूंवर थंडी ओळखणारी एक सूक्ष्म झडप असते. ती 2002 मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्देम पटापूटियन यांनी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत शोधली. उष्णता आणि स्पर्श आपल्याला कसा कळतो, या त्यांच्या कामाला 2021 चं नोबेल पारितोषिक मिळालं. गंमत अशी की पुदिन्याच्या जातीतल्या वनस्पतींमधलं मेन्थॉल हीच झडप उघडतं. त्वचा प्रत्यक्षात गार झालेली नसते, तरी मेंदूला वाटतं गार झालं, आणि खाज दबते. तान्ह्या बाळांना मात्र मेन्थॉल किंवा कापूर असलेलं काहीही लावू नका.

आणि मेंदूला फसवायची याहून भारी युक्ती हवी असेल तर आरसा घ्या. जर्मनीतल्या ल्युबेकच्या संशोधकांनी 2013 मध्ये लोकांच्या एका हाताला हिस्टामिनने खाज आणली आणि खाजवलं दुसऱ्याच हाताला. एवढंच, की त्या लोकांना ते आरशात बघायला लावलं. आरशात डावा हात उजव्यासारखा दिसतो. मेंदूला वाटलं, खाजणाराच हात खाजवला जातोय, आणि खाज खरोखरच थोडी कमी झाली! या कामाला 2016 मध्ये इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी हे पारितोषिक देतात. तुमच्या वर्गात कुणाच्या हाताला प्लास्टर असेल तर त्याला ही युक्ती सांगा. आतल्या खाजेने तो बेजार झालेला असतो, आणि प्लास्टरमध्ये पट्टी घालून खाजवणं धोक्याचं. आरसा दोन्ही हातांच्या मध्ये उभा धरायचा, चांगल्या हाताचं प्रतिबिंब प्लास्टरच्या हाताच्या जागी दिसेल असा, आणि मग चांगला हात हलके हलके खाजवायचा.